केडगावची मुक्ती : पंडिता रमाबाई

हैदराबादहून पुण्याला निघालेली गाडी वाडी, गुलबर्गा, सोलापूर, कुर्डुवाडी करीत दौंडला येते. दौंड सुटले की बिछाने गुंडाळले जातात, मुलांची तोंडे पुसली जातात, पुण्याचे नातेवाईक स्टेशनवर येणार की नाहीत याची चर्चा सुरू होते, आणि त्या गडबडीत केडगाव नावाचे एक लहान स्टेशन मागे पडते. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे सहसा थांबत नाहीत. त्या स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तेथे विणत होत्या, नांगरत होत्या, पुस्तके छापत होत्या.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती झालेल्या बाईचे चरित्र कशाला, असे कोणाच्या मनात येणे शक्य आहे. आम्हाला मात्र त्यात विसंगत काही वाटत नाही. गणपती ही विद्येची देवता, आणि सरस्वती ही पदवी पंडितांच्या सभेत मिळवलेली ही बाई. शिवाय ती आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर जन्मलेली व वाढलेली मराठी बाई होती. पुणे तिने पाहिले ते वयाच्या चोविसाव्या वर्षी. आपल्या घरांत रमाबाईंचे नाव आदराने निघते खरे, पण ते अर्धेच. शारदा सदन, विधवांचे शिक्षण, संस्कृतचे पांडित्य इथपर्यंत आपण मोकळेपणी बोलतो. धर्मांतराशी आलो की घसा खाकरतो आणि चहाचे बघायला उठतो. ते अर्धे वगळले तर उरलेले अर्धेही नीट कळत नाही, असे आमचे मत झाले आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. घराणे चित्पावनांचे, पण मंगळूरच्या बाजूला स्थायिक झालेले. शास्त्रीबुवा तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. बाई संस्कृत शिकू शकते हे त्या विद्यार्थ्याने तेथे पाहिले आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेले नाही. पहिल्या पत्नीला शिकवण्याचा प्रयत्न घरच्यांनी हाणून पाडला. पुढे तीर्थयात्रेत गोदावरीकाठी दुसरे लग्न झाले. चव्वेचाळीस वर्षांचे शास्त्री आणि नऊ वर्षांची मुलगी, असे त्या काळाचे लग्न. या मुलीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलेच. त्यावरून उडुपीला पंडितांपुढे जाब द्यावा लागला. तो त्यांनी शास्त्राधारे दिला. मग माणसांचा कंटाळा येऊन त्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळच्या रानात पर्णकुटी बांधली. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रानातही विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि आल्या-गेल्याला जेवू घालण्याच्या पायी शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने रान सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घातलेली मुलगी गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरली, आणि पुढली वीस वर्षे तिला घर म्हणून माहीत नव्हते. तीर्थे, घाट, देवळांचे ओवरे. आई पहाटे उठवून शिकवायची, वडील पुराण सांगायचे, पंधरावे वर्ष लागण्याच्या आत भागवत मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचे कडू फळ चाखल्यामुळे धाकटीचे लग्न वडिलांनी लहानपणी केलेच नाही. हा त्यांचा दुसरा गुन्हा.

मग दुष्काळ आला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत. मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि ब्राह्मणाने करायचीही नव्हती. होते नव्हते ते देवापुढे आणि दानधर्मात गेले. दागिने, भांडीकुंडी विकून झाली. अखेर तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाला आणि पाणी यांवर काढल्यावर अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला आणि तो बेत राहिला. पण १८७४ च्या जुलैत वडील गेलेच. पाठोपाठ आई आजारी पडली ती रायचूरला, आपल्या निजामी मुलखात. आईसाठी भाकरी मागायला रमा शेजारणीच्या दारात गेली आणि तिला शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखून बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आई गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी रमा. ती ठेंगणी, खांदा पुरेना. म्हणून आईची तिरडी तिने डोक्यावर घेऊन मसणवटा गाठला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रायचूरला पाव्हण्यारावळ्यांकडे, लग्नकार्याला आपण कितीदा गेलो असू! हे आम्हाला तेथे कधी कोणी सांगितले नव्हते.

थोरली बहीणही काही महिन्यांत पटकीने गेली. उरलेली दोघे भावंडे पुढची काही वर्षे हिंदुस्थानभर पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. या सगळ्या काळात व्रते चालू होती, सोवळे चालू होते, तीर्थस्नाने चालू होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण रमाबाईंनी धर्म आळसाने किंवा अज्ञानाने सोडला असे म्हणणारांना हा काळ माहीत नसतो. त्यांनी सगळे करून पाहिले होते. नवस फेडून झाले होते. आणि एके दिवशी दोघांनी एकमेकांपाशी कबूल केले की आपला आता यावर विश्वास राहिलेला नाही. आमच्या दृष्टीने रमाबाईंच्या आयुष्याची खरी सुरुवात ही आहे. मनात नाही ते ओठांवर आणायचे नाही, हा त्यांचा नेम तेथे सुरू झाला.

१८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि एका रात्रीत चित्र पालटले. विशीतली मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते याचे तेथील पंडितांना नवल वाटले. त्यांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच ख्रिस्ती लोकांच्या एका उपासनेला तिला कोणी नेले. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली पाहून हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असा तिचा समज झाला. संस्कृत बायबलाची प्रत भेट मिळाली, पण त्या भाषेत तिचे मन रमले नाही. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवून वाचायला सांगितले तेव्हा ती चपापली, कारण बाईने वेद वाचू नये हे तिच्या हाडीमासी खिळलेले होते.

स्त्रियांपुढे धर्मावर व्याख्याने द्यायची म्हणून तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ पुन्हा, या वेळी प्रश्न मनात ठेवून, वाचायला घेतले. तिला दिसले ते असे : इतर हजार गोष्टींत ग्रंथाग्रंथांत मतभेद, पण स्त्रिया आणि शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही याबद्दल जवळजवळ सर्वांचे एकमत. बाईला मुक्ती हवी तर नवऱ्याची सेवा करून पुढल्या जन्मी पुरुष, तोही ब्राह्मण, होऊन यावे. शास्त्राचा अर्थ त्यांनी लावला तसाच लावला पाहिजे असे नाही; वारकरी पंथात जनाबाई, बहिणाबाई होऊन गेल्या हे आपल्यातला कोणीही सांगेल. पण रमाबाईंचे घर शास्त्राचे होते, भजनाचे नव्हते. ज्या पोथ्यांसाठी बापाने आयुष्य वेचले त्याच पोथ्यांत आपल्याला दार बंद आहे हे त्यांनी मूळ भाषेत वाचले. मुक्ती हा शब्द तेव्हापासून त्यांच्या मनात रुतून बसला.

पुढची दोन वर्षे भराभर गेली. १८८० च्या मे महिन्यात भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली कायस्थ वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आंतरजातीय, आंतरप्रांतीय, तेही १८८० साली! सिल्चरला संसार झाला. नवऱ्याच्या पुस्तकांत बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची प्रत सापडली, ती त्यांनी आवडीने वाचली. नवऱ्याला ते रुचले नाही. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने नवराही गेला.

कडेवर मूल घेऊन त्या पुण्याला आल्या. रानडे दांपत्याने आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून झाली, हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत असे ठासून मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च मुख्यतः त्या पुस्तकाच्या विक्रीतून निघाला. जाण्यापूर्वी नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता. हे गोऱ्हे मूळचे नीलकंठशास्त्री, उत्तरेत स्थायिक झालेल्या चित्पावन घरातले काशीचे पंडित. ख्रिस्ती मताच्या बाजूने शास्त्रीय पद्धतीने वाद घालणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता.

१८८३ मध्ये त्या वाँटेज येथे सेंट मेरी मठातील भगिनींकडे राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे दुःखद अंत झाला. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. अशा दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमचा आश्रम दाखवला. समाजाने टाकलेल्या, वाटेवरून घसरलेल्या बायका तेथे राहत आणि त्यांची सेवा कुलीन घरच्या भगिनी करीत. अशा बाईला जवळ घ्यावे, ती पुन्हा उभी राहू शकते, हे धर्माचे काम आहे असे मानणारी माणसे रमाबाईंनी यापूर्वी पाहिली नव्हती. याच्या मागे काय आहे असे विचारता भगिनींनी विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात गहजब झाला. बाई इंग्रजांना भुलली, पैशाला भुलली, असे बोलले गेले. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’ मध्ये त्यांची बाजू घेतली. पण त्याच वेळी तिकडे इंग्लंडात काय चालले होते हे पुण्याला ठाऊक नव्हते. ते कळले असते तर टीकाकारांची पंचाईत झाली असती.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता ही बाई आमचे ऐकणार, असे मठाला वाटले. रमाबाईंनी ऐकले नाही. येशूवर विश्वास ठेवला आहे, पण त्रैक्याचा सिद्धांत मला पटलेला नाही, तो पटल्याशिवाय मी उच्चारणार नाही, अशी त्यांची भूमिका. इंग्लंडच्या चर्चचाच मार्ग खरा, हे त्यांनी मान्य केले नाही. निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांशी त्या बोलत, प्रत्येकाला प्रश्न विचारीत. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, येथपासून वाद. जेवणातही त्या शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. भगिनी जेराल्डीन यांना त्यात ब्राह्मणी अहंकार दिसला. मनोरमेला काय शिकवायचे हे आई ठरवील, मला न उमगलेली तत्त्वे तिच्या तोंडी घालू नका, असेही त्यांनी बजावले. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या होत्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा वाईट बोभाटा होईल म्हणे. ज्या बाईने काश्मीरपासून आसामपर्यंत भर सभांत पुरुषांपुढे व्याख्याने दिली तिला हे सांगायचे! त्या संतापल्या. आश्रयदात्या भगिनींना, प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांनी लांबलचक पत्रे लिहिली. ती आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने ती जरूर वाचावीत. परक्या देशात, परक्याच्या अन्नावर, पदरी लहान मूल, आणि तरी शब्दाला शब्द. बील बाईंनी मात्र त्यांना समजून घेतले.

घरच्यांचे जू मानेवरून काढले ते परक्यांचे अडकवून घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. येशूला गुरू मानले तो येशूला. त्याच्या नावाने हुकूम सोडणाऱ्या बिशपाला नाही. आपल्याकडे धर्मांतर म्हटले की टोळी बदलणे असा अर्थ होतो. रमाबाईंनी टोळी बदलली नाही, टोळीच सोडली. त्यामुळे त्या दोन्हीकडच्यांना कायम अडचणीच्या वाटल्या.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यानाची पद्धत शिकल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव बोलल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. अट एकच : शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. ती त्यांनी मान्य केली. अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत लिहिलेले प्रवासवृत्त आजही ताजे वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथे दाखल झालेली पहिली विधवा गोदूबाई नातू; पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया कर्वे, झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. मुलींचे जेवण, सोवळेओवळे, व्रतवैकल्ये ज्यांच्या त्यांच्या रिवाजाप्रमाणे चालत. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती.

वाद पेटला तो एका उघड्या दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकललेही नाही. सल्लागारांनी सांगितले की दार लावा. रमाबाईंनी लावले नाही. ज्या मुलीला आपल्या देवाची पूजा करायची तिला येथे मोकळीक आहे, तशी मलाही आहे. आणि मी जे मानते ते लपवून मुलींपुढे वावरणार नाही, असा त्यांचा हेका. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला ते हेच १८९३ साल.

येथे आम्हाला कोणा एकाच्या पारड्यात सगळे वजन टाकवत नाही. पालकांनी मुली विश्वासाने पाठवल्या होत्या. ज्या बाईने त्यांच्या मुलीला अक्षर दिले, डोक्यावर हात ठेवला, तिच्या खोलीतून येणारी प्रार्थना त्या मुलीला नुसती प्रार्थना राहत नाही. आणि पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याच. रानड्यांसारखा सौम्य माणूस उगाच बाजूला होत नाही. पण दुसरीकडे, दार लावून घेतलेल्या रमाबाई कशा दिसल्या असत्या? झेलमकाठच्या वाळूत जिने देव मानत असल्याचे सोंग टाकले, वाँटेजला जिने न पटलेला सिद्धांत उच्चारायला नकार दिला, ती पुण्यात आडपडदा करील हे शक्यच नव्हते.

आणि नेमका याच काळात त्यांच्या आत आणखी एक बदल घडून गेलेला होता. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही. आठ वर्षे वाद केला, ग्रंथ ताडून पाहिले, तर्काने बरेचसे पटवून घेतले. तरी मनाचे ओझे तसेच होते. पूर्वी व्रते मोजली, आता सिद्धांत मोजले, एवढाच फरक. मग त्यांनी मोजणे सोडले. आपण आहोत तशा, काही कमावून न आणता, त्याच्यापुढे उभ्या राहू शकतो, हे त्यांनी मानले आणि त्या निवांत झाल्या. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला ही अवस्था अगदीच अनोळखी वाटू नये. यानंतरच्या रमाबाईंच्या लिखाणातला कडवट तर्क ओसरत गेलेला दिसतो. त्यांनी उत्तरे देणे कमी केले आणि कामाला जुंपून घेतले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाजरीच्या त्या भाकरीची आठवण असलेली बाई घरात बसणे शक्य नव्हते. त्या स्वतः तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, शहरात इतक्या जणींना ठेवायला बंदी झाली. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू पडले, झोपड्या उठल्या, विहिरी खणल्या गेल्या. सरकारी प्लेग-इस्पितळात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले, ते मुंबई सरकारला चांगलेच झोंबले. इंग्रजांना भुललेली बाई म्हणणाऱ्यांनी हेही जमेस धरावे.

वसाहतीला त्यांनी नाव दिले मुक्ती. पुढल्या जन्मी पुरुष होऊन मिळणारी नव्हे. याच जन्मात, याच देहाने. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शाळा होती, माग होते, तेलाचा घाणा, गोठा, शिवणकाम, शेती, छापखाना. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते. फुलहॅमला जे पाहिले ते त्यांनी येथे आणले. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवीत. रमाबाई स्वतः जाड्याभरड्या पांढऱ्या लुगड्यात वावरत. १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली, मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, देशोदेशीचे लोक पाहायला आले. तो भाग आमच्या आकलनाच्या थोडा पलीकडचा आहे. ज्यांचा तो विषय आहे त्यांनी त्यावर लिहिले आहे. आपल्या भागाशी एक धागा पुन्हा जुळला : गुलबर्ग्याला, निजामाच्या राज्यात, त्यांनी शाळा काढली आणि तिची जबाबदारी मनोरमेने घेतली. आई जेथे गेली ते रायचूर तेथून फार लांब नाही.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. मराठी बायबल त्या काळी होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नसे, आणि त्यातल्या संस्कृत शब्दांना जुन्या शास्त्रार्थांचा वास येई. म्हणून चाळिशी उलटून गेल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. अठरा हजार श्लोक पाठ असलेली, सरस्वती म्हणून गौरवलेली ही पंडिता. तिने बसून एकेक संस्कृत शब्द काढून टाकला आणि त्या जागी चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधला. जे आपल्या आईला रायचूरच्या वाटेवर कोणी सांगितले नाही ते कोणत्याही बाईला शास्त्र्याच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे, यासाठी ही खटपट होती. ते मराठी जरा खडबडीत झाले आहे असे जाणकार म्हणतात. असेल. पोथी गुळगुळीत करणे हा त्यांचा हेतू नव्हता.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. कामाची सगळी सूत्रे जिच्या हाती द्यायची ती लेक आधी गेली. कान तर केव्हाच गेले होते, प्रकृती ढासळत होती. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे प्राण गेले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, कागद घालायला, बांधणी करायला बायकाच होत्या. कित्येकींना दुष्काळात पाटीही माहीत नव्हती. त्यांनी ते काम पुढे नेले, आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला.